किर्कुकची तेलवाहिनी आणि तिच्यामागे चालणाऱ्या फौजा

दजला_फरात (धागा लेखक)

"तेलासाठी युद्ध" हे वाक्य इतकं सरसकट वापरलं जातं की त्यातून काही हाती लागत नाही. तेल जमिनीखाली असेपर्यंत त्याची किंमत कागदावर असते. ते बंदरावरच्या टाकीत पोचलं की पैसे मिळतात. विहीर आणि बंदर यांच्यामधली शेकडो किलोमीटरची नळी कुणाच्या मुलखातून जाते, यावर गेली नव्वद वर्षं इराक, सीरिया, तुर्कस्तान आणि कुर्द भागाचं राजकारण फिरतं आहे. पाइपलाइनमुळे युद्ध पेटलं असं क्वचितच पुराव्यानिशी दाखवता येतं. पण युद्ध पेटल्यावर फौजा कुठे ठाण मांडतात, कोणतं गाव काही झालं तरी सोडत नाहीत आणि कोणत्या शेजाऱ्यापुढे मान तुकवतात, यात पाइपलाइनचा वाटा फार मोठा असतो. उत्तर इराकमधलं किर्कुक हे याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण.

१४ ऑक्टोबर १९२७ रोजी किर्कुकजवळ बाबा गुरगुर इथे तेलाचा प्रचंड फवारा उडाला. इराक पेट्रोलियम कंपनीत ब्रिटिश, डच-ब्रिटिश शेल, फ्रेंच आणि अमेरिकन कंपन्यांचे प्रत्येकी २३.७५ टक्के आणि गुल्बेंकियन या मध्यस्थ व्यापाऱ्याचे ५ टक्के. आता नळी भूमध्य समुद्राला कुठे न्यायची? फ्रान्सला ती आपल्या ताब्यातल्या सीरिया-लेबनॉनमधून लेबनॉनच्याच त्रिपोली बंदराला हवी होती. ब्रिटनला ट्रान्सजॉर्डन आणि पॅलेस्टाइनमधून हैफाला हवी होती. त्रिपोलीची वाट सुमारे ८५० किमी, हैफाची सुमारे १,००० किमी. खर्चाचा विचार केला असता तर एकच नळी झाली असती. झालं असं की किर्कुकपासून हदीथापर्यंत १२ इंची दोन नळ्या शेजारी शेजारी गेल्या आणि तिथून एक पश्चिमेला त्रिपोलीकडे, दुसरी नैर्ऋत्येला हैफाकडे वळली. १९३४ मध्ये दोन्हीकडे तेल पोचलं आणि जानेवारी १९३५ मध्ये रीतसर उद्घाटन झालं.

या रेषेवर ठरावीक अंतराने पंपिंग स्टेशनं उभारावी लागली. किर्कुक ते हदीथा के-१, के-२, के-३. हैफाच्या फाट्यावर एच-१ ते एच-५, त्रिपोलीच्या फाट्यावर टी-१ ते टी-४. ओसाड वाळवंटात प्रत्येक स्टेशनला पाण्याची सोय, कामगारांची वस्ती, बिनतारी संदेशयंत्रणा, किल्ल्यासारखं कुंपण आणि छोटं विमान उतरेल अशी धावपट्टी लागली. थोडक्यात, लष्करी तळाला जे जे लागतं ते सगळं तेल कंपनीने आधीच बांधून ठेवलं होतं.

पुढच्या बातम्या आठवा. एच-३ वर १९६७ मध्ये इस्रायली विमानांनी हल्ला केला, ४ एप्रिल १९८१ रोजी इराणी विमानांनी केला, आणि १९९१ मध्ये इस्रायलवर स्कड क्षेपणास्त्रं याच एच-२, एच-३ परिसरातून सुटत असल्याने दोस्त राष्ट्रांची विमानं तिथे घिरट्या घालत होती. टी-४ हा सीरियाच्या हवाई दलाचा मोठा तळ होता. एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या इराणी तुकडीवर हल्ला झाला. आणि के-१: २७ डिसेंबर २०१९ रोजी तिथे रॉकेटं पडली, एक अमेरिकन कंत्राटी कर्मचारी मेला आणि तिथून सुरू झालेली चढाओढ ३ जानेवारी २०२० रोजी बगदादमध्ये इराणी जनरल कासिम सुलेमानी मारले जाण्यापर्यंत गेली. हैफाची नळी १९४८ पासून बंद आहे, तरी तिच्या स्टेशनांवरून विमानं उडतच राहिली.

नळी तोडणं हे शस्त्र म्हणूनही लवकर वापरलं गेलं. १९३६ ते ३९ च्या अरब उठावात पॅलेस्टाइनमधल्या तुकड्या रात्री माती उकरून नळीला भोक पाडत आणि तेल पेटवून देत. ते थांबवायला ब्रिटिशांनी १९३८ मध्ये ऑर्ड विंगेट यांच्या हाताखाली खास रात्रपथकं उभारली. हेच विंगेट पुढे ब्रह्मदेशातल्या चिंडिट मोहिमांमुळे आपल्याकडे माहीत झाले. नोव्हेंबर १९५६ मध्ये सुएझवर हल्ला झाल्यावर सीरियन सैन्याने टी-२, टी-३, टी-४ ही तीन पंपिंग स्टेशनं उडवली. नळीला हात लावला नाही, पंप उडवले. युरोपकडे जाणारं तेल मार्च १९५७ पर्यंत बंद राहिलं.

इराण-इराक युद्धात हेच हत्यार एकही गोळी न झाडता चाललं. इराकची आखातातली बंदरं १९८० मध्येच निकामी झाली होती. १० एप्रिल १९८२ रोजी सीरियाने आपल्या बनियास बंदराला जाणारी किर्कुक-बनियास वाहिनी बंद केली, त्याआधी इराणने सीरियाला सवलतीत तेल द्यायचं कबूल केलं होतं. आता इराककडे बाहेर जायची एकच वाट उरली, तुर्कस्तानातून जेहानला, म्हणजे भूमध्य समुद्रावरच्या तुर्की बंदराला. दिवसाला साडेसहा लाख बॅरलच्या आसपास. इराकचं सैन्य इराणच्या आघाडीवर गुंतलेलं, आणि ही नळी नेमकी उत्तरेच्या कुर्द डोंगराळ भागाच्या कडेने गेलेली. १९८३ चा सीमा-सुरक्षा करार आणि १९८४ चा पुढचा करार यांमुळे तुर्की सैन्याला इराकच्या हद्दीत शिरून कुर्द बंडखोरांचा पाठलाग करायची मोकळीक मिळाली. तुर्की फौजा आज उत्तर इराकमध्ये दिसतात त्याची सुरुवात इथे आहे. बगदादने ही मोकळीक दिली तेव्हा त्याची जवळपास सगळी तेलनिर्यात त्या एका ४० इंची नळीवर चालली होती, हे विसरून चालणार नाही.

२०१४ नंतरचं प्रतिसादांत लिहितो. जाणकारांनी भर घालावी.

---

किल्लेदार

उत्तम धागा. पण सुरुवात किर्कुकच्याही आधी करायला हवी, आणि ती थेट पुण्यापाशी येते.

इराणात मस्जिद-ए-सुलेमानला तेल लागलं २६ मे १९०८ रोजी. तिथून अबादानच्या शुद्धीकरण कारखान्यापर्यंत सुमारे २२० किमीची नळी काही वर्षांतच टाकली गेली. १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने हे तेल काढणाऱ्या अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीत बहुमताचा हिस्सा घेतला, कारण नौदलाची जहाजं कोळशावरून तेलावर जात होती. तुर्कस्तान युद्धात उतरताच ६ नोव्हेंबर १९१४ रोजी इराकच्या दक्षिण टोकाला फाओला जी फौज उतरली ती सहाव्या पूना डिव्हिजनची १६ वी ब्रिगेड. तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. मागोमाग आलेल्या १८ व्या ब्रिगेडमध्ये ११० वी मराठा, १७ व्या ब्रिगेडमध्ये १०३ री मराठा. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची माणसं.

या फौजेला दिलेल्या कामांत अबादानच्या टाक्या आणि नळी सांभाळणं स्पष्टपणे होतं. पण तेवढंच होतं असं म्हणणं चूक ठरेल. आखातातल्या अरब शेखांना धीर देणं आणि पुढच्या कुमकेसाठी किनारा मोकळा ठेवणं हेही होतं.

फेब्रुवारी १९१५ मध्ये अहवाझजवळ टोळ्यांनी नळी तोडली. ती दुरुस्त होऊन तेल पुन्हा वाहायला जून उजाडला, आणि मधल्या काळात जनरल गॉरिंज यांची फौज नळीचा मुलूख मोकळा करायला कारून आणि करखेह नद्यांच्या भागात फिरत होती. इथे एक गोष्ट बघण्यासारखी आहे. नळी सांभाळायची तर बसरा हवं. बसरा सांभाळायचं तर कुर्ना हवं, मग अमारा, मग कुत. प्रत्येक ठिकाण मागच्या ठिकाणाच्या रक्षणासाठी घेतलं गेलं. तेवढ्यात न थांबता बगदादकडे धाव घेतली ती तेलासाठी नव्हती, ती प्रतिष्ठेसाठी होती. बगदादजवळ टेसिफॉनला मार खाऊन पूना डिव्हिजन कुतला अडकली, १४७ दिवसांचा वेढा सोसला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. शरण गेलेल्या हिंदी शिपायांपैकी हजारो कैदेत मेले.

११४ वी मराठा ऑक्टोबर १९१८ च्या शरकातच्या लढाईत होती. ती लढाई संपली ३० ऑक्टोबरला, त्याच दिवशी तुर्कस्तानशी मुद्रोसचा युद्धविराम झाला आणि त्यानंतर ब्रिटिश फौज पुढे जाऊन मोसुलमध्ये शिरली. मोसुल शहर युद्धविरामाच्या रेषेपलीकडे होतं. किर्कुक मोसुलच्याच विलायतेत, म्हणजे प्रांतात, येत होतं.

---

आडवी_रेघ

एक बाळबोध प्रश्न. नळी उडवणं इतकं सोपं असेल तर हजार किमीची नळी कुणी सांभाळूच शकत नाही. मग त्यासाठी फौजा ठेवून फायदा काय?

---

वेल्ड_जॉइंट

प्रश्न अगदी रास्त आहे. थोडी आकडेमोड करू, म्हणजे कशाला किती महत्त्व द्यायचं ते कळेल.

किर्कुक-जेहानची पहिली वाहिनी ४० इंची, ९८६ किमी, २५ मे १९७७ रोजी पहिलं जहाज भरलं. दुसरी ४६ इंची, ८९० किमी, १९८७. दोन्ही मिळून वर्षाला सुमारे ७ कोटी टन, म्हणजे दिवसाला १४ लाखांहून अधिक बॅरल. ४० इंची नळीची जाडी १२.७ मिमी धरली तर एका किलोमीटरमध्ये सुमारे ७७० घनमीटर, म्हणजे ४,८०० च्या वर बॅरल तेल कायम भरलेलं असतं. दोन झडपांमधलं अंतर २० किमी असेल तर मधे लाखभर बॅरल. भोक पडलं म्हणजे ते सगळं सांडत नाही. चढ-उतारांमुळे भोकाच्या वरच्या बाजूचं तेवढं वाहून येतं. म्हणून घातपात करणारे उताराच्या तळाशी, ओढ्याजवळ जागा शोधतात.

साध्या भोकाची दुरुस्ती अशी होते. दाब घसरला की नियंत्रण कक्षाला कळतं, आधी पंप थांबवतात, मग दोन्हीकडच्या झडपा बंद करतात. झडप घाईने बंद करायची नसते. नळीतलं तेल पूर्ण क्षमतेला सेकंदाला अडीच मीटरने धावत असतं. ते एकदम अडवलं तर दाब २० बारच्या आसपास उसळतो आणि जुनी गंजलेली नळी दुसरीकडेच फुटते. त्यानंतर बॉम्बशोधक पथक. याला पर्याय नाही, कारण दुरुस्ती करणाऱ्यांसाठी दुसरा स्फोट पेरून ठेवलेला असतो. मग मातीचे बांध घालून सांडलेलं तेल एका खड्ड्यात अडवायचं आणि उपसायचं. दोन्ही बाजूंना माती उकरायची, निदान वेल्डरला नळीखाली बसता येईल एवढी. नळी कापायची ती ज्योतीने नाही, थंड कटरने. कापलेल्या तोंडात बेंटोनाइट मातीचा घट्ट बोळा ठोकून वायू अडवायचा, दर थोड्या वेळाने वायूची तपासणी करायची. मग त्याच जाडीचा आणि त्याच प्रतीच्या पोलादाचा तुकडा बसवून वेल्डिंग, क्ष-किरण तपासणी, लेप, माती आणि हळूहळू भरणं. ४० इंची १२ मीटरचा एक पाइप पावणेचार टनांचा असतो, म्हणून साइडबूम (बाजूला उचलदांडा असलेला ट्रॅक्टर) किंवा क्रेन लागतेच. सुटे पाइप जवळ असतील, रस्ता सुरक्षित असेल तर हे काम काही दिवसांत उरकतं.

पंपिंग स्टेशन उडालं तर गोष्ट वेगळी. पंप, टर्बाइन, वीजपुरवठ्याचे पॅनेल, दाब सोडणाऱ्या झडपा या वस्तू गोदामात मिळत नाहीत. मागणी नोंदवून वर्ष लागू शकतं. १९५६ मध्ये सीरियन सैन्याने पंप निवडले ते याच हिशेबाने. मोजणी केंद्र आणि नदीवरचा ओलांडा यांचीही हीच गत.

म्हणजे हजार किमी सांभाळायचे नसतात. आठ-दहा जागा सांभाळायच्या असतात आणि मधल्या भागात लवकर पोचता येईल एवढी सोय ठेवायची असते. फौजा त्या जागांवर बसतात. आणि एकदा बसल्या की ते गाव, तो पूल, तो चौक त्यांच्या हातात जातो.

ओलांड्याचं उदाहरण अल-फतहचं. बैजीच्या वर तिग्रिस नदीवर पूल होता, त्यावरून १५ नळ्या जात. एप्रिल २००३ मध्ये अमेरिकन विमानांनी तो पूल उडवला. नंतर पूल दुरुस्त करण्याऐवजी नदीच्या तळाखालून आडवं ड्रिलिंग करून नळ्या न्यायचं ठरलं. तळाशी होती सैल वाळू आणि गोटे. अशा थरात ड्रिलचं भोक उभं राहत नाही, गोटे सुटून आत पडतात आणि ड्रिल अडकतं. भूगर्भ-तपासणीत हा धोका आधीच दाखवला होता. तरी काम रेटलं, साडेसात कोटी डॉलरच्या वर खर्च झाला आणि ड्रिलिंग निम्म्याच्याही आत राहिलं. तोवर किर्कुकचं तेल अडलेलं. एका पुलाचा हा भुर्दंड.

---

आडवी_रेघ

धन्यवाद, आता चित्र स्पष्ट झालं. मग २००३ नंतर मधला भाग कसा सांभाळला?

---

वेल्ड_जॉइंट

आधी खासगी सुरक्षा कंपनीमार्फत हजारो स्थानिक पहारेकरी नेमले. नंतर इराकी लष्कराच्या खास पायाभूत-सुविधा तुकड्या आल्या. दोन्हींत एकच दुखणं: पहारा ज्या टोळीच्या मुलखातून द्यायचा त्या टोळीला ठेका दिला नाही तर तीच नळी उडवते, आणि दिला तर ठेका चालू राहावा म्हणून अधूनमधून उडवली जाते.

फरक पडला तो किर्कुक ते बैजी पट्ट्याला दोन्हीकडून चर, मातीचे बांध आणि तारेचं कुंपण घालून मधे कुणालाही मज्जाव केला तेव्हा. त्या पट्ट्यातले हल्ले जवळपास थांबले. पण अशा पट्ट्याने शेतं दुभागली जातात, गुरं पलीकडे नेता येत नाहीत, आणि ज्याचं रान गेलं त्याच्या मनात नळीविषयी काय उरतं हे सांगायला नको.

---

वाऱ्याची_दिशा

सीरियाचं २०११ चं युद्ध कतार-तुर्कस्तान गॅसवाहिनीसाठी झालं असं बऱ्याच ठिकाणी वाचलं आहे. सीरियाचे तेव्हाचे अध्यक्ष असद यांनी २००९ मध्ये नकार दिला म्हणून. इथे त्याचा उल्लेख कसा नाही?

---

दजला_फरात

मुद्दाम टाळला, कारण तो तपासून बघितला की टिकत नाही. तीन गोष्टी बघा.

पहिली, कतारने आपल्या नॉर्थ फील्ड या गॅसक्षेत्रातून नव्या निर्यात-प्रकल्पांवर २००५ मध्येच स्वतःहून बंदी घातली होती, ती २०१७ पर्यंत उठली नाही. त्या काळात नव्या मोठ्या वाहिनीत भरायला गॅस आणणार कुठून? दुसरी, कतारने सगळा पैसा द्रवरूप गॅसच्या जहाजांत घातला होता. जहाज हवं त्या बंदराकडे वळवता येतं, नळी वळवता येत नाही. तिसरी, वाहिनीला सीरियाच्या आधी सौदी अरेबियातून जावं लागलं असतं, आणि कतार आणि सौदी यांचे संबंध त्या दशकात बराच काळ ताणलेले होते. इराण-इराक-सीरिया वाहिनीचा सामंजस्य करार झाला जुलै २०११ मध्ये. दरआ शहरात मार्चमध्येच गोळीबार झालेला होता.

नकाशावर ठिपक्यांची रेषा काढली की ती वाहिनी होत नाही. खरी वाहिनी ओळखायला साध्या खुणा आहेत: ठरलेलं तेल किंवा गॅस देणारा, दीर्घ मुदतीचा खरेदीदार, कर्ज देणारी बँक आणि वाटेतल्या देशांशी झालेला दर. यांतलं एकही नसेल तर ती चर्चा आहे. तुर्कमेनिस्तानचा गॅस अफगाणिस्तानमार्गे पाकिस्तान आणि भारतात आणायच्या तापी वाहिनीचं तेच. नव्वदच्या दशकात युनोकॉलचा प्रस्ताव होता, डिसेंबर १९९८ मध्ये ती कंपनी बाहेर पडली. २००१ चं युद्ध त्या नळीसाठी झालं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारावं की वीस वर्षं तिथे फौज असताना अफगाण भागात एकही पाइप का बसला नाही.

आता राहिलेलं २०१४ नंतरचं.

मार्च २०१४ मध्ये किर्कुक-जेहानचा इराकी भाग घातपातांनी बंद पडला आणि जूनमध्ये मोसुल गेल्यावर तो मुलूखच इस्लामिक स्टेटच्या हातात गेला. त्याच सुमारास कुर्दिस्तान सरकारने किर्कुक क्षेत्राच्या उत्तर टोकाच्या खुरमाला घुमटापासून (घुमट म्हणजे जमिनीखालचा तेल साठलेला उंचवटा) फिशखाबूरपर्यंत आपली स्वतंत्र वाहिनी पूर्ण केली होती. फिशखाबूर हे तुर्की सीमेलगतचं मोजणी केंद्र. तिथे ती जुन्या तुर्की वाहिनीला जोडली. १२ जूनच्या सुमारास इराकी सैन्य किर्कुक सोडून गेलं, कुर्दांचे सैनिक, पेशमर्गा, आत आले. जुलैमध्ये त्यांनी बाय हसन क्षेत्र आणि किर्कुकचा अवाना घुमट घेतला आणि अवानाचं तेल खुरमालामार्गे आपल्या नळीत सोडलं. पेशमर्गा किर्कुकमध्ये शिरले तेव्हा इस्लामिक स्टेटपासून शहर वाचवणं ही निकड खरी होती. पण पुढची तीन वर्षं ते जिथे ठामपणे उभे राहिले त्या जागा नकाशावर ठेवून बघा. तेलक्षेत्रं, के-१ तळ, खुरमालाकडे जाणारा रस्ता.

१६ ऑक्टोबर २०१७ रोजी बगदादच्या फौजांनी काही तासांत के-१, विमानतळ आणि नॉर्थ ऑइल कंपनीची कचेरी परत घेतली. तेलक्षेत्रं बगदादला मिळाली, जुनी वाहिनी मात्र उद्ध्वस्त. विहीर आपली, पाट शेजाऱ्याच्या रानातून, अशी गत झाली. वर्षभर किर्कुकचं तेल जमिनीतच राहिलं किंवा थोडंफार टँकरने इराणला गेलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये बगदादने कुर्दांच्याच नळीतून तेल पाठवायला सुरुवात केली. आणि त्या नळीत ६० टक्के हिस्सा रशियाच्या रोझनेफ्टने घेतल्याची घोषणा किर्कुक पडलं त्याच आठवड्यात झाली होती. ज्याच्या भांडवलाला हात लावायला बगदाद दोनदा विचार करेल असा भागीदार कुर्दांनी त्या वेळी पक्का करून घेतला, असं माझं वाचन आहे.

२५ मार्च २०२३ रोजी पॅरिसच्या लवादाच्या निकालानंतर तुर्कस्तानने वाहिनी बंद केली. बगदादच्या संमतीशिवाय कुर्द तेल घेतल्याबद्दल तुर्कस्तानला सुमारे दीड अब्ज डॉलरची भरपाई ठोठावली गेली. दिवसाला साडेचार लाख बॅरल अडले. तेल पुन्हा वाहिलं ते २७ सप्टेंबर २०२५ रोजी.

---

आडवी_रेघ

अडीच वर्षं टँकरने का नाही नेलं?

---

वेल्ड_जॉइंट

काही नेलंच, स्थानिक बाजारात आणि सीमेपलीकडे, बऱ्याच कमी भावाने. पण हिशेब करा. एका टँकरमध्ये सुमारे २२० बॅरल. साडेचार लाख बॅरलला रोज दोन हजारांवर टँकर भरायचे, तेवढेच रिकामे परत आणायचे. डोंगरातल्या एका रस्त्यावर, प्रत्येक नाक्यावर थांबत. आणि प्रत्येक नाका कुणाच्या तरी बंदुकीखाली, म्हणजे प्रत्येक नाक्यावर वसुली. नळी बंद पडली की सशस्त्र टोळ्यांचं उत्पन्न वाढतं.

बंद ठेवलेली नळीही शांत पडून राहत नाही. तेलातलं पाणी खोलगट भागात तळाशी बसतं आणि आतून गंज चढतो. त्यातच फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपाने तुर्कस्तानचा तो सगळा भाग हलला होता. सुरू करण्याआधी पिग, म्हणजे नळीतून सरकत जाणारं सफाईचं आणि तपासणीचं यंत्र, पूर्ण लांबी फिरवून बघावं लागतं.

---

पांढरी_नाईल

नळी बंद राहिली तर काय होतं याचं सुदानमधलं उदाहरण याहून भीषण आहे.

दक्षिण सुदान ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाला. बहुतांश तेल दक्षिणेत, नळ्या आणि बंदर उत्तरेत. खार्टुमने एका बॅरलमागे एकूण ३६ डॉलरपर्यंत मागितले. जानेवारी २०१२ मध्ये दक्षिणेने दिवसाचं साडेतीन लाख बॅरल उत्पादनच बंद केलं, सरकारी उत्पन्नाचा सुमारे ९८ टक्के भाग त्यातून येत असताना. एप्रिलमध्ये दक्षिणेच्या फौजेने हेग्लिग घेतलं. तिथे उत्तरेचं तेलक्षेत्र आणि प्रक्रिया केंद्र होतं. दहा-बारा दिवसांत त्यांना मागे जावं लागलं, केंद्राची नासधूस झाली. सप्टेंबरमध्ये अदिस अबाबात दर ठरला आणि एप्रिल २०१३ मध्ये तेल पुन्हा वाहू लागलं. भारताशी याचा थेट संबंध होता. ओएनजीसी विदेशचा तिथल्या प्रकल्पात २५ टक्के हिस्सा होता, आणि खार्टुम ते पोर्ट सुदान ही ७४१ किमीची शुद्ध इंधनाची वाहिनी त्याच कंपनीने उभारली.

तांत्रिक भाग पुढचा आहे. पूर्वेकडच्या क्षेत्रांतलं दार प्रकारचं तेल मेणाने भरलेलं. गरम ठेवलं नाही तर नळीतच घट्ट होतं. आपल्याकडे बाडमेरचं तेल असंच आहे, म्हणून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंतची ती नळी सबंध लांबीवर विजेने तापवलेली असते. सुदानमध्ये तेल तापवायचं काम वाटेतली स्टेशनं डिझेलवर करतात. सुदानचं लष्कर आणि निमलष्करी आरएसएफ यांच्यातलं २०२३ चं युद्ध पसरल्यावर खार्टुमच्या आसपासची स्टेशनं एका बाजूच्या ताब्यात, डिझेलचा पुरवठा दुसऱ्या बाजूकडे. फेब्रुवारी २०२४ मध्ये डिझेल पोचलं नाही, तेल गार झालं, नळी गोठली आणि दाबाने फुटली. कुणी बॉम्ब लावला नव्हता. जवळपास वर्षभर दक्षिण सुदानचं मुख्य उत्पन्न बंद, सैनिकांचे पगार थकले, आणि पगार थकलेलं सैन्य असलेल्या देशात पुढे काय घडतं ते तिथल्या बातम्यांत दिसतं.

---

वाऱ्याची_दिशा

बाकू-त्बिलिसी-जेहान वाहिनीबद्दलही लिहा. २००८ चं जॉर्जियाचं युद्ध तिच्यासाठी झालं असं मानतात.

---

दजला_फरात

अझरबैजानचं तेल जेहानला नेणारी ही वाहिनी १,७६८ किमी, त्यापैकी अझरबैजानमध्ये ४४३, जॉर्जियात २४९, तुर्कस्तानात १,०७६. सरळ वाट आर्मेनियातून होती. आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यातल्या काराबाखच्या पहिल्या युद्धानंतर ती सीमाच बंद असल्याने नळी जॉर्जियाला वळसा घालून गेली, आणि आर्मेनिया वाहतूक-दराच्या उत्पन्नातून कायमचा बाहेर पडला. २०२० मध्ये जुलैत आर्मेनियाच्या सीमेजवळ अझरबैजानच्या तोवुझला चकमकी झाल्या तेव्हा जगाचं लक्ष गेलं ते यामुळेच: तेलाची नळी, गॅसची नळी, रेल्वे आणि महामार्ग सगळे त्या चिंचोळ्या पट्ट्यातून जातात.

जॉर्जियाबाबत तारखा नीट लावल्या की गैरसमज कमी होतो. ५ ऑगस्ट २००८ रोजी तुर्कस्तानात एर्झिंजान प्रांतातल्या रेफाहियेजवळ एका झडप-केंद्रावर स्फोट होऊन आग लागली, पीकेके या कुर्द बंडखोर संघटनेने जबाबदारी घेतली. म्हणजे रशियन रणगाडे हलण्याआधीच ती वाहिनी बंद होती. युद्धात तिला धक्का लागला नाही. ती संपूर्ण जमिनीखाली आहे. १२ ऑगस्टला कंपनीने खबरदारी म्हणून जॉर्जियाच्या काळ्या समुद्रावरच्या बंदराला जाणारी बाकू-सुप्सा वाहिनी बंद केली, आणि १६ तारखेला कास्पीजवळ रेल्वे पूल उडाल्याने तेलाच्या मालगाड्या थांबल्या. अझरबैजानचे पश्चिमेकडचे तिन्ही रस्ते एकाच महिन्यात बंद. चालू राहिली ती नोव्होरोसिस्कची, रशियातून जाणारी. बाकूने नंतर मॉस्कोशी बोलताना हे लक्षात ठेवलं असणार.

पुढे जुलै २०१५ मध्ये जॉर्जियातून फुटलेल्या दक्षिण ओसेतियाच्या सीमेचे फलक रशियन सैनिकांनी काहीसे पुढे सरकवले आणि बाकू-सुप्साचा सुमारे १,६०० मीटरचा तुकडा फलकांच्या पलीकडे गेला. तेल वाहत राहिलं. पण त्या दीड किलोमीटरवर दुरुस्ती करायची वेळ आली तर परवानगी कुणाची घ्यायची, हा प्रश्न तेव्हापासून उभा राहिला.

आणि हो, जेहानच्या या वाहिनीत ओएनजीसी विदेशचाही हिस्सा आहे. २०१३ मध्ये हेस कंपनीकडून २.३६ टक्के घेतला, २०२४ मध्ये इक्विनॉरकडून थोडा आणखी.

---

किल्लेदार

किर्कुककडे परत येतो. १९७३ चा इराक-तुर्कस्तान वाहिनी करार तुर्कस्तान संपवतो आहे ना? त्याचा लष्करी अंगाने अर्थ काय?

---

दजला_फरात

हो. जुलै २०२५ मध्ये तुर्कस्तानने जाहीर केलं की २७ जुलै २०२६ पासून तो करार लागू राहणार नाही. जुन्या करारात तेल फक्त बगदादच्या संमतीने घ्यायचं, अशी अट होती. लवादात तुर्कस्तान हरला तो त्याच अटीवर. नव्या करारात अंकाराला वाहिनी पूर्ण भरून हवी आहे आणि ती दक्षिणेत बसऱ्यापर्यंत जोडलेली हवी आहे.

वाहिनी बसऱ्याला जोडायची तर हदीथा आणि बैजीमार्गे जावं लागेल. म्हणजे के-२ आणि के-३ ज्या भागात होती तोच मुलूख, जिथे आज इराकी लष्कराबरोबर हश्द या निमलष्करी संघटनेच्या तुकड्या आहेत. पंपिंग स्टेशनांचा पहारा कुणाकडे, टोळ्यांना ठेके कोण देणार, फिशखाबूरच्या मीटरजवळ बगदादचा माणूस बसणार की एर्बिलचा, म्हणजे कुर्दिस्तान सरकारचा, यावर बोलणी अडतील. उत्तरेत झाखो आणि दोहुकच्या डोंगरांत तुर्की तळ आहेतच. नवी नळी आली की त्यातले कोणते तळ हलतात आणि कोणते पक्के होतात, ते फिशखाबूरपासूनचं त्यांचं अंतर मोजून पाहायला हवं.